स्वच्छमंडलाच्या पेशी : केवळ संख्येची कसोटी पुरेशी आहे काय?

डोळ्याच्या स्वच्छमंडलातील संवर्धित पेशींवर वृद्धिघटकांचा काय परिणाम होतो, या विषयावरील पुष्कळ निबंधांत पेशींची संख्या किती वाढली, हेच यशाचे माप मानलेले दिसते. हे माप सोयीचे असले, तरी अपुरे आहे.

या मापास इतिहास आहे. १९६२ साली स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळ्या केलेल्या प्रथिनामुळे नवजात पिलांच्या पापण्या वेळेपूर्वीच उघडल्या. हेच प्रथिन पुढे ईजीएफ या नावाने प्रसिद्धीस आले. स्वच्छमंडलाच्या बाह्य अधिस्तरातील पेशींचे विभाजन ते वाढविते, हे निर्विवाद होय. मधल्या थरातील केरॅटोसाइट पेशींची स्थिती मात्र निराळी आहे. रक्तरसयुक्त माध्यमात त्या झपाट्याने वाढतात, परंतु आपले मूळ रूप टाकून तंतुपेशी बनतात. त्यांना टीजीएफ-बीटा मिळाल्यास त्या आकुंचनक्षम होतात; डोळ्यात धूसर व्रण निर्माण होतो तो अशाच पेशींमुळे. येथे संख्या वाढते, पण पारदर्शकता लोपते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील ११२ रुग्णांच्या अभ्यासाने हाच मुद्दा स्पष्ट केला. संवर्धातील वसाहत निर्माण करणाऱ्या पेशींपैकी ३ टक्क्यांहून अधिक पेशींत पी-६३ हे मूलपेशींचे निदर्शक प्रथिन ठळक असल्यास ७८ टक्के रुग्णांत रोपण यशस्वी झाले. ते प्रमाण ३ टक्के वा त्याहून कमी असता यश अवघे ११ टक्के होते.

नांदेड-लातूरच्या अभ्यासकास निकटचे उदाहरण हैदराबादचे आहे. चुन्याने डोळा भाजलेले रुग्ण आपल्या भागास अपरिचित नाहीत. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत स्वच्छमंडलाच्या कडेच्या पेशी प्रयोगशाळेत गर्भपटलावर वाढवून अशा डोळ्यांवर बसविल्या जात. २०१२ साली डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कडेच्या ऊतीचे बारीक तुकडे थेट डोळ्यावरील गर्भपटलावर ठेवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तीत पेशींची वाढ डोळ्यातच होते, खर्चिक संवर्धनगृह लागत नाही.

यावरून वृद्धिघटकांचा अभ्यास निरर्थक ठरत नाही. त्याचा प्रश्न मात्र बदलतो. पेशी किती वाढल्या यासह त्या कोणत्या राहिल्या, माध्यमात रक्तरस होता काय, आणि मूलपेशींचे प्रमाण किती टिकले, हेही नोंदले पाहिजे. आपल्या विद्यापीठातील प्रबंधांनी एवढी शिस्त पाळली, तरच त्यांचे निष्कर्ष रुग्णाच्या उपयोगी पडतील.