घरं मोजली, सावली कोण मोजणार?

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो पक्की घरं उभी राहिली. ‘इतकी घरं पूर्ण’ हा आकडा अहवालात छान दिसतो. जेनिफर ड्यून बॅरेनस्टाइन यांचं संशोधन वाचावं ते यासाठी की त्यांनी या बांधकामात काय गेलं तेही नोंदवलं. नव्या वसाहतींसाठी झाडं तोडली गेली, काही ठिकाणी धडधाकट जुनी घरंही पाडली. झावळ्यांचं छप्पर आणि ओटा गेला, स्लॅबखालचा उकाडा आला.

उपाय काय? त्यांचाच २००६ चा गुजरातवरचा अभ्यास सांगतो की भूकंपानंतर पैसे आणि तांत्रिक मदत घेऊन लोकांनी स्वतः बांधलेल्या घरांबद्दल समाधान सर्वाधिक होतं. कंत्राटदाराने जुन्या जागी आणि नव्या जागी बांधलेली घरं त्यात वेगळी तपासली आहेत. डिझाइन चांगलं आहे.

माझा आक्षेप हा निष्कर्ष जसाच्या तसा किनाऱ्यावर उचलून नेण्याला आहे. स्वतः बांधायचं तर आधी जमीन हवी. अनेक मच्छीमार कुटुंबांकडे जागेचे कागदच नव्हते. त्यात सरकारी धोरण असं, की भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत राहायचं असेल तर मदत नाही. म्हणजे मदत घ्यायची तर होडीपासून लांब जायचं. इथे ‘कोणी बांधलं’ इतकाच ‘कुठे बांधलं’ हा प्रश्न मोठा आहे.

प्रपोजल लिहिताना म्हणूनच स्वतःला विचारा: मूळ अभ्यासात जे गृहीत होतं, ते माझ्या गावात आहे का? नसेल, तर तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच आहे.