तापण्यासाठी सोडलेली जागा

मे महिन्यात भिलाईत पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत जुन्या साडेतीनशे बुलेटचं हेड उतरवायला घेतलं, की या इंजिनाचा खरा विषय हाताला लागतो, आणि तो म्हणजे उष्णता. पाणी नाही, रेडिएटर नाही, पंखा नाही. बिडाच्या ब्लॉकभोवतीची पाती आणि समोरून येणारा वारा, एवढ्यावरच सगळी भिस्त.

या मोटरसायकलचा आराखडा इंग्लंडातल्या रेडिचचा. 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि तो इथला झाला. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करारही त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. गुणाकार केला की 346 घनसेंटिमीटर. सिलिंडर रुंदीपेक्षा उंच, पिस्टनला लांब चालावं लागतं. बुलेटचा तो संथ, जड ठोका बराचसा या दोन आकड्यांतून येतो.

वरचा भाग उतरवताना घाई करू नये, कारण प्रत्येक थर काही सांगत असतो. पिस्टनच्या माथ्यावर कोरडी काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. ओली, तेलकट असेल, तर तेल रिंगांवरून किंवा वॉल्व्हच्या गाइडमधून वर येत होतं. ब्लॉक निघाला की आत नख फिरवावं. वरच्या टोकापाशी नखाला एक कड अडते: वरची रिंग जिथे थांबून परत फिरते, तिथे बीड सर्वांत जास्त झिजतं. इतक्या वर्षांची धाव त्या कडेत वाचता येते. आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली असेल, तर डोळ्याला सुंदर, पण इंजिनाला वाईट. तेल धरून ठेवायला तिच्यावर काही उरलेलं नसतं. म्हणून बोअर केल्यावर होनिंगने तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम उमटवतात.

मला सर्वांत मोहवतो तो पिस्टन. गोल दिसतो, पण मायक्रोमीटर लावला तर गोल नसतो. गजन पिनच्या दिशेने किंचित अरुंद, माथ्याशी खालच्यापेक्षा बारीक. माथा आगीला सर्वांत जवळ, म्हणून तो जास्त फुगणार. पिनच्या बाजूला धातू जाड, म्हणून वाढही तिकडेच जास्त. घडवणाऱ्याने त्याला थंडपणी वेडावाकडा ठेवला, तापल्यावर तो नेमका बसावा म्हणून. शिवाय अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पिस्टन आणि भिंत यांच्यातली केसाएवढी फट कमी ठेवली, तर भर उन्हात चढावर पिस्टन धरतो. जास्त ठेवली, तर थंडपणी खडखडतो. हाच हिशेब रिंगेच्या तोंडाचा. रिंग सुटी बोअरमध्ये सरकवावी, पिस्टनने ढकलून सरळ करावी आणि फिलर गेज घालावा. दर इंच बोअरला 3 ते 4 थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे इथे साधारण 10 थाउ. रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या भिलाईला हे नव्याने शिकवायला नको: 13 मीटरचा रूळ 40 अंशांनी तापला की सुमारे 6 मिलिमीटर वाढतो, म्हणून सांध्यात फट सोडतात.

वॉल्व्हचं काम मात्र वेगळ्या वृत्तीचं; तिथे फट चालत नाही. ग्राइंडिंग पेस्ट लावायची, वॉल्व्ह तळव्यांमध्ये घुसळल्यासारखा फिरवायचा, उचलायचा, जागा बदलून पुन्हा फिरवायचा. सीटवर एकसारखं करडं कडं उमटलं की पेस्ट धुऊन, वॉल्व्ह-स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं. खाली ओल दिसली, तर पुन्हा पेस्ट. इथे केलेली घाई पुढे किक मारताना कळते.

आणि मग पुशरॉड. पिस्टन आणि रिंगांपाशी फट सोडायला शिकवणारं हे इंजिन टॅपेटपाशी वेगळं बोलतं: थंड इंजिनात फट शून्य. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, उजव्या बाजूचं छोटं झाकण काढायचं आणि पुशरॉड बोटांनी फिरेल, पण वर-खाली हलणार नाही, इतका जुळवायचा. ब्लॉक तापला की उंच होतो, अ‍ॅल्युमिनियमचा पुशरॉड त्याच्यासोबत वाढतो. दोघांचा मेळ आधीच धरलेला आहे. इथे गेजही लागत नाही, दोन बोटांची जाण पुरते. या साऱ्या रचनेतली ही सर्वांत देखणी जागा, असं मी मानतो.

जोडणी झाली की डीकॉम्प्रेसर दाबून, अ‍ॅमीटरच्या काट्याकडे पाहून किक. नव्या रिंगांना सुरुवातीला फार ताण नको, पण नुसतं आयडलवर उभं ठेवणंही नको. भिंतीवर रिंगा घट्ट दाबल्या जातात त्या ज्वलनाच्या दाबानेच. भिलाईच्या सेक्टरांमधले सरळ, रुंद रस्ते याला फार सोयीचे. थोडं पळवावं, थांबवावं, पुन्हा पळवावं. पहिल्या चांगल्या तापण्यानंतर इंजिन रात्रभर पूर्ण निवू द्यावं आणि सकाळी, ऊन चढायच्या आत, हेडचे नट पुन्हा ठरल्या ताणाला आवळून टॅपेट परत तपासावेत. गॅस्केट दबलेलं असतं. आदल्या दिवशीचं माप आता तेच राहिलेलं नसतं.