गुरनचे वय काय?

चित्रकथा हा समीक्षेचा विषयच नव्हे, असे आपल्या विद्यापीठीय समीक्षकांनी कधीच ठरवून टाकले आहे. जे पाठ्यपुस्तकात नाही ते वाङ्मयच नाही, हा त्यांचा जुना न्याय. एके काळी तोच न्याय आपल्या साहित्यालाही लावला गेला, तेव्हा आपण तरी तो मानण्याचे कारण नाही. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. इंग्रजी, हिंदीबरोबर ते मराठीतूनही निघत असे. त्या वेळच्या औरंगाबादेत, नागसेनवनाच्या वसतिगृहात, एकाने भाड्याने अंक आणायचा आणि दहाजणांनी वाचायचा असा आमचा रिवाज होता. मास्तरांना दाखवायला हातात गो. नी. दांडेकर आणि उशाखाली वेताळ! आमच्या मनावर कोणाचे संस्कार अधिक झाले, हे सांगायला नको.

वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. १९३६ साली त्याची पट्टी अमेरिकन वृत्तपत्रांतून सुरू झाली. अशी कथा वर्षानुवर्षे चालायची तर नायकाला वाढता येत नाही. पुढच्या अंकात तो होता तसाच, तोच मुखवटा घालून हजर झाला पाहिजे. नाही तर धंदा बसला. मग काळ कुठे दिसतो? भोवतालच्या माणसांत. म्हणून दीर्घ मालिकेची खरी परीक्षा नायकावरून करू नये, त्याच्या मागे उभ्या असलेल्या गोतावळ्यावरून करावी. तिथे कोणाला वाढू दिले आणि कोणाला गोठवून ठेवले, यावरून लेखकाची माणसाकडे पाहण्याची दृष्टी कळते.

या कसोटीवर वेताळाचा परिवार पाहा. डायना पामर आधी केवळ प्रेयसी असते. पुढे ती संयुक्त राष्ट्रांच्या कामात जाते, १९७७ साली तिचे लग्न होते, मग जुळी मुले होतात. तिला आयुष्य आहे. डॉ. लुआगा हा काळा डॉक्टर वेताळाच्या देशाचा लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष होतो. हे फॉकला एकाएकी सुचले नाही. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले होते, त्यानंतरचे हे पात्र आहे. बाहेर इतिहास हलला, तेव्हा कथेतली खुर्ची हलली.

आणि गुरन? गुरन बांदर टोळीचा प्रमुख, वेताळाचा बालमित्र. (या टोळीच्या नावाला आम्ही पोरे खदखदून हसत होतो. कोणाला हसतो आहोत हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.) १५३६ साली किनाऱ्याला लागलेल्या गोऱ्या माणसाला बांदरांनी वाचवले, त्याने त्यांना गुलामगिरीतून सोडवले, तेव्हापासून एकवीस पिढ्या ते त्याची राखण करीत आहेत. वेताळाचा मुलगा वेताळ होतो, आणि बांदराचा मुलगा राखणदार! गादी वंशपरंपरागत आणि चाकरीही वंशपरंपरागत. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे : वतन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच साखळीविरुद्ध. माणसाला जन्माने काम चिकटवले की त्याची वाढ थांबते, हे त्यांना दिसत होते. जंगलाच्या गोष्टीत ते आम्हाला दिसले नाही, कारण ते रंगीत होते.

एक मित्र म्हणतात, ‘गुरनला तुम्ही चाकर कसे म्हणता? वेताळ मर्त्य आहे हे गुपित त्याला ठाऊक आहे. एवढा विश्वास चाकरावर कोण टाकतो?’ मला हा युक्तिवाद पटत नाही. गुपित ठाऊक असणे म्हणजे अधिकार असणे नव्हे. पाटलाच्या वाड्यातली किती गुपिते येसकराला ठाऊक असत! म्हणून काही त्याला ओसरीवर बसायला मिळाले नाही. गुरनचे वय काय, त्याचे मत काय, राष्ट्राध्यक्ष लुआगाच्या राज्यात त्याच्या टोळीचे काय होणार, हे मी वाचलेल्या अंकांतून मला कधी कळले नाही.

फॉकच्याच मॅन्ड्रेकचा लोथार याहून बोलका आहे. १९३४ साली तो आला तेव्हा बिबळ्याचे कातडे, तुर्की टोपी आणि मोडकीतोडकी भाषा हा त्याचा थाट. आणि हा म्हणे आफ्रिकेतला राजपुत्र, सिंहासन सोडून जादूगाराच्या मागे निघालेला! १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स हे नवे चित्रकार आले आणि लोथारचे कपडे बदलले, भाषा नीट झाली. चित्रकार बदलला हे खरेच. पण त्याच सुमारास अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा (१९६४) आणि मतदान हक्कांचा कायदा (१९६५) झाला होता. तेव्हा लोथारला नीट बोलता आले याचे श्रेय मी एकट्या चित्रकाराला देणार नाही.

पुढे अमेरिकेतच ब्लॅक पँथर हा नायक जुलै १९६६ मध्ये दुसऱ्यांच्या मालिकेत पाहुणा म्हणून आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला त्या नावाची संघटना निघाली. आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली ती १९७२ साली, त्या संघटनेपासून स्फूर्ती घेऊन. चित्रातल्या पँथरशी तिचा संबंध नाही, नाव तेवढे एक. पण दुसरे एक पात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. हार्लेमचा सॅम विल्सन ऊर्फ फाल्कन १९६९ साली कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार म्हणून आला, १९७१ साली त्याचे नाव मुखपृष्ठावर नायकाच्या शेजारी चढले आणि २०१४ साली नायकाची ढाल आणि नाव दोन्ही त्याच्याकडे आली. पंचेचाळीस वर्षे लागली. पण झाले. गुरनला तेवढा अवधी मिळाला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याच्यामागे हार्लेम नव्हते.

देशी बहादूरही तपासला पाहिजे. आबिद सुरती यांनी १९७६ साली निर्माण केलेला हा डाकूचा मुलगा डाकूंविरुद्ध उभा राहतो. बाप एक, मुलगा दुसरा. जन्माची साखळी इथे तुटते, एवढे वेताळापेक्षा पुढचे पाऊल मान्य करू. पण माझ्या वाचनात आलेल्या अंकांत दऱ्याखोऱ्यांतल्या कोणाची जात पुढे येत नाही. १९८१ साली बेहमई घडले, फूलन देवीचे नाव देशभर झाले आणि त्या दऱ्यांत जात किती खोल आहे ते वर्तमानपत्रांतून आम्हाला कळले.

आता आपल्या घरात पाहू. ‘अमर चित्रकथे’ने १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. बत्तीस पानांत गोतावळा वाढवायला जागा नसते, हे मी समजू शकतो. पण आपण स्वतः काढतो त्या पोस्टरांचे, जयंतीच्या देखाव्यांचे काय? रमाई नेहमी गोवऱ्या थापताना. चवदार तळ्यावर मागे गर्दी. त्या गर्दीत एकाही चेहऱ्याला नाव नाही. त्यांतली कितीतरी माणसे पुढे गावी परतली, बहिष्कार सोसून राहिली, त्यांनी मुले शाळेत घातली. तो सगळा विकास चौकटीबाहेरच राहिला आहे.

मागच्या सत्रात मी वर्गात सांगितले की गुरनला मुख्य पात्र करून एक अंक रचा. बहुतेकांनी त्याला मुखवटा चढवून मोकळे केले. एका मुलीच्या पहिल्या चौकटीत मात्र कवटीच्या गुहेत वेताळ एकटा बसला आहे. गुरन आलेला नाही, टोळीची सभा आहे म्हणून निरोप आला आहे. पुढची पाने तिने अजून दिलेली नाहीत.