पाट मांडलाय का?

इंटरनेट एक्सप्लोररचं वेबब्राउझर कंट्रोल एकेकाळी आपल्या प्रोग्रॅमच्या फॉर्मवर ओढून ठेवता येई. त्याच्या इव्हेंट्समध्ये 'न्यूविंडोटू' नावाची एक होती. पानावरच्या लिंकला 'टार्गेट ब्लँक' असलं किंवा स्क्रिप्टने 'विंडो डॉट ओपन' म्हटलं, की नवी खिडकी उघडण्याच्या ऐन आधी ती यायची. कंसात दोनच गोष्टी: 'पीपीडिस्प' आणि 'कॅन्सल'. एवढ्याशा रचनेत इतका विचार भरलेला मी क्वचितच पाहिला आहे.

पहिल्या भेटीत मात्र मी तिच्यावर वैतागलो होतो. लिंक कुठे जाणार, तो पत्ताच ती सांगत नाही! एका ग्राहकासाठी व्हिज्युअल बेसिक सहामध्ये काउंटरचा प्रोग्रॅम लिहिला होता. 'पावती' दाबलं की आमचा फॉर्म बाजूला राहून एक्सप्लोररची परकी खिडकी उघडायची आणि पुन्हा लॉगिन मागायची. तिची प्रोसेस वेगळी, आणि सेशनची कुकी आमच्याकडेच राहिलेली.

2004 साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर 'न्यूविंडोथ्री' आली. तिने पत्ता दिला. मी लगेच 'कॅन्सल' ट्रू केलं आणि मिळालेल्या पत्त्यावर आमचाच ब्राउझर वळवला. पावतीच्या जागी पांढरंफेक पान!

कारण त्या पावतीला पत्ता नव्हताच. पान आधी रिकामी खिडकी उघडायचं आणि हाती आलेल्या त्या खिडकीत स्क्रिप्टने पावती लिहायचं. मी नकार दिला, तेव्हा लिहायला खिडकीच उरली नाही. नवी खिडकी म्हणजे नुसता पत्ता नव्हे. उघडणाऱ्या पानाशी तिचं नातं असतं. फॉर्म नव्या खिडकीत पोस्ट होतो, तेव्हाही भरलेली माहिती पत्त्यात नसते.

मग 'पीपीडिस्प'कडे नीट पाहिलं. तो आहे पॉइंटरचा पॉइंटर, म्हणजे पत्ता ठेवायच्या जागेचा पत्ता. पुढे केलेली रिकामी ओंजळच. पाहुणा कुठून आला, काय काम काढलं, हे ही इव्हेंट सांगत बसत नाही. ती एवढंच विचारते: पाट मांडलाय का? उत्तर तीन ओळींचं. नवा फॉर्म तयार करा, त्यातला ब्राउझर 'पीपीडिस्प'मध्ये ठेवा, फॉर्म दाखवा. 'नॅव्हिगेट'ची चौथी ओळ मी सवयीने लिहायला गेलो आणि थांबलो. पाहुणा आपल्या पायांनी येतो, त्याला हाताला धरून आणायचं नसतं. पत्ता न देणं ही मला उणीव वाटली होती. तो खरं तर रचनेचा संयम होता.

हा संयम न कळल्याने काय होतं, ते पुढच्याच वर्षी दिसलं. 2005च्या डॉटनेट टू पॉइंट झीरोतल्या विंडोज फॉर्म्सच्या वेबब्राउझरने आपल्या 'न्यूविंडो' इव्हेंटमध्ये फक्त 'कॅन्सल' ठेवलं. पत्ता नाही आणि ओंजळही नाही. यजमानाच्या हाती उरलं ते दार लावून घेणं.

2020च्या वेबव्ह्यूटूमध्ये मूळ सूर परत सापडतो. 'न्यूविंडोरिक्वेस्टेड' पत्ताही देते आणि 'न्यूविंडो' नावाची रिकामी जागाही. त्यावर 'डिफरल'ची सुंदर भर आहे. नवा ब्राउझर उभा राहायला वेळ लागतो, म्हणून यजमान 'आलोच हं' म्हणून आत जाऊ शकतो. तोवर मागणाऱ्या पानाची स्क्रिप्ट उंबऱ्यावर थांबते. एक खोट आहे. 'हँडल्ड' ट्रू केलं आणि खिडकी दिलीच नाही, तर पानाला एक पोकळ खिडकी मिळते, जिच्यात कधीच काही लोड होत नाही. स्वच्छ नकारापेक्षा हे वाईट.

'न्यूविंडोरिक्वेस्टेड'च्या नियमांत मात्र एक अट आहे, जी वाचून मला काउंटरवरची ती पावती आठवली. द्यायचा वेबव्ह्यू आधी कुठेही नॅव्हिगेट केलेला नसावा. मी थांबलो होतो, तीच ही चौथी ओळ. तेव्हा ती लागत नव्हती. आता ती चालतच नाही.