सहा टक्के कशाचे?

वर्गात मोबाइल असावा की नसावा, हा विषय शिक्षकांच्या खोलीत निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दप्तरात सापडला की जप्त करा आणि पालकांना बोलवा. दुसरा म्हणतो, काळ बदलला, आता वर्गातच वापरू द्या. विज्ञान आपल्याच बाजूने आहे असे दोघांनाही वाटते. जप्तीच्या बाजूने हमखास पुढे येणारा पुरावा म्हणजे इंग्लंडमधील एक अभ्यास. 'मोबाइलवर बंदी घातली आणि गुण सहा टक्क्यांनी वाढले', असे त्याबद्दल सांगितले जाते. हा पुरावा नीट वाचला तर काय हाती लागते ते पाहू.

बेलँड आणि मर्फी या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. बर्मिंगहॅम, लंडन, लेस्टर आणि मँचेस्टर या शहरांतील ९१ शाळांत बंदी केव्हा आली हे त्यांनी विचारले, आणि सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेचे त्याआधीचे व नंतरचे निकाल ताडून पाहिले. सरासरी वाढ आढळली ती ६.४१ टक्के. पण कशाच्या? गुणांच्या नव्हे, तर प्रमाण विचलनाच्या.

हा फरक गणिताच्या शिक्षकांना वेगळा सांगायला नको. समजा, शंभर गुणांच्या परीक्षेत वर्गाचे प्रमाण विचलन १५ आहे. त्याचे ६.४१ टक्के म्हणजे ०.९६. थोडक्यात, शंभरात जेमतेम एक गुण!

मग हा अभ्यास टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. त्यातील महत्त्वाची गोष्ट सरासरीखाली झाकली गेली आहे. आधीच मागे असलेल्या मुलांच्या गटात वाढ १४.२३ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात दोन गुणांहून थोडी जास्त होती. वरच्या गटातील मुलांना बंदीने फायदाही झाला नाही आणि तोटाही नाही. लक्ष विचलित होण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, असा याचा अर्थ निघतो. हुशार मूल मोबाइल असूनही निभावून नेते. जे कसेबसे धडा पकडत असते, त्याच्या हातून तो सुटतो.

अभ्यासाच्या मर्यादाही आहेत. बंदी घालणाऱ्या शाळा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. शिस्तीचे इतर उपाय त्याच सुमारास झाले असतील, तर श्रेय कोणाला द्यायचे? आकडेवारी २०१२ पर्यंतची, म्हणजे आजच्यासारखा स्मार्टफोन मुलामुलांच्या हाती पोचण्यापूर्वीची आहे. स्वीडनमध्ये हीच पद्धत वापरून झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदीचा गुणांवर परिणाम दिसला नाही. म्हणून या एका आकड्यावर शाळेचा नियम उभा करणे विज्ञानाला धरून नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. 'मुलांकडे मोबाइल आहेतच' हे त्यांचे गृहीतक. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना याविषयी विचारले होते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता; मुलींत हे प्रमाण १९.८ टक्केच होते. वापरता येणे आणि हाताशी असणे यांत हे एवढे अंतर आहे. गृहपाठ फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवला, की भाऊ किंवा वडील घरी येईपर्यंत थांबावे लागते ते बहुधा मुलीला. सकाळी 'मोबाइल वाईट' म्हणून जप्त करणारी शाळा रात्री त्याच मोबाइलवर स्वाध्याय पाठवते, तेव्हा मुलांनी काय समजावे?

दोन्ही पक्षांची नजर यंत्रावर खिळली आहे, मुलांवर नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे. मागे असलेले मूल आणि फोन नसलेली मुलगी, या दोघांना समोर ठेवले तर नियम फार अवघड नाही. एरवी तासाला फोन खिशात वा दप्तरात नको, बंद करून बाजूला ठेवलेला असावा, शिक्षकांचाही. त्यातील त्वरणमापकाने लंबकाचा आवर्तनकाल मोजायचा असेल, तेव्हा पाच-सहा जणांत एक फोन टेबलावर यावा, आणि काम संपताच परत जावा. गृहपाठ फळ्यावर लिहावा. व्हॉट्सअॅपवर हवा तर जादा पाठवावा.

आणि नियम केलाच, तर तो तपासावाही. पुढच्या दोन घटक चाचण्यांत वर्गाच्या सरासरीबरोबरच शेवटच्या दहा मुलांचे गुण वेगळे काढून पाहावेत. वर्ग लहान असल्याने त्यातून सिद्धान्त निघणार नाही, पण आपला नियम कोणाच्या उपयोगी पडतो आहे याचा थोडा अंदाज येईल.