दशावताराचे ध्वनिमुद्रण : मास्टरिंगपूर्व संस्काराची पाठचिकित्सा

दशावतारी नाटकास लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते, पात्रांची वाटणी प्रयोगापूर्वी होते, आणि संवाद मात्र रंगभूमीवर त्या त्या नटाच्या मुखातून तत्क्षणी निर्माण होतात. पदे पाठ असली तरी त्यांची जागा, लय आणि विस्तार त्या रात्रीच्या रंगावर अवलंबून राहतो. ग्रंथव्यवहारात ज्यास आपण 'मूळ प्रत' म्हणतो, ती या नाट्यप्रकारात ध्वनिमुद्रणावाचून दुसरी असू शकत नाही. सिंधुदुर्गातील दशावताराची मुद्रणे प्रथम ध्वनिफितींवर, पुढे तबकड्यांवर आणि आता इंटरनेटद्वारे लोकांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांतील अभिनयाची चर्चा होते, गायनाची होते. परंतु मंडपात टिपलेला ध्वनी आणि श्रोत्याच्या कानी पडणारा ध्वनी यांच्यामध्ये जो संस्कार घडतो, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः तो संस्कार म्हणजे पाठसंपादनच होय, आणि त्यास पाठसंपादनाचेच निकष लावले पाहिजेत.

प्रथम 'मास्टरिंग' या शब्दाने काय अभिप्रेत आहे ते सांगितले पाहिजे. निरनिराळ्या ध्वनिग्राहकांवर टिपलेले आवाज एकत्र करणे, म्हणजे मिश्रण, हे एक काम. आणि त्या सिद्ध मिश्रणावर प्रकाशनापूर्वी अखेरचा हात फिरवून त्याची पातळी, स्वरभार आणि क्रम निश्चित करणे हे दुसरे. हे दुसरे काम म्हणजे मास्टरिंग. ते करणारा तज्ज्ञ बहुधा मुंबईसारख्या शहरात असतो. त्याला मालवणी येत असेलच असे नाही आणि जत्रेची रात्र त्याने पाहिलेली असेलच असेही नाही. त्याच्या हाती मुद्रण सोपविण्यापूर्वी जो पूर्वसंस्कार होतो, तो मात्र मुद्रण करणाऱ्याच्या हातून, पुष्कळदा कुडाळ-मालवणकडेच होतो. खरी हानी येथेच होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पूर्वसंस्कारात जे पुसले गेले ते मास्टरिंग करणारा कितीही निष्णात असला तरी परत आणू शकत नाही.

दशावताराच्या भाषेकडे पाहिले म्हणजे या हानीचे स्वरूप ध्यानात येते. देव आणि राजे भारदस्त प्रमाण मराठी बोलतात. आड दशावतारातील संकासुर मात्र मालवणीत थट्टा करतो. दोन भाषारूपांतील हा ताण हेच नाट्याचे एक मुख्य अंग आहे. अभ्यासकांनी 'कुडाळी' या नावाने नोंदविलेल्या या बोलीचे वर्णन डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतील 1965 सालच्या खंडात आले आहे. तिचे नपुंसकलिंगी रूप अनुनासिक आकारान्त असते : 'काम केलां', 'माझां घर'. पुल्लिंगी रूप 'केलो', 'माझो' असे ओकारान्त. आता शब्दान्तीचा हा अनुनासिक क्षीण असतो. आवाज ठराविक पातळीखाली गेला की वाट बंद करणारे 'गेट' नावाचे साधन लावले, तर प्रथम बळी पडते ते शब्दाचे शेपूट. मग 'केलां' हे 'केला' असे ऐकू येते, म्हणजे बोलीतील नपुंसकलिंग प्रमाण मराठीतील पुल्लिंगासारखे भासू लागते. एखाद्या हस्तलिखितातील सारे अनुस्वार लेखनिकाने धूळ समजून पुसून टाकावेत, तसाच हा प्रकार आहे.

प्रमाण मराठीची गतीही फारशी वेगळी नाही. 'थोडेसे' या अर्थाचा 'जरा' आणि 'वार्धक्य' या अर्थाचा 'जरा' लिपीत एकच. उच्चारात पहिला दन्तमूलीय, दुसरा तालव्य. दन्तमूलीय घर्षणाची शक्ती वरच्या कंपनसंख्यांत अधिक असते, आणि सकाराची शीळ दाबण्यासाठी वापरले जाणारे साधन सामान्यतः 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यावरच बसविलेले असते. ते साधन वर्ण ओळखत नाही, केवळ शक्ती मोजते. मर्यादेबाहेर दाबले असता 'स'बरोबर दन्तमूलीय 'च' आणि 'ज' हेही बोथट होतात व दोन उच्चारांतील अंतर पुसट होते.

गोंगाट कोणता आणि संगीत कोणते, हा प्रश्न याहून बिकट आहे. मंडपातील वीजपुरवठ्याची गुणगुण 50 हर्ट्झवर आणि तिचे पटीतील स्वर 100, 150 हर्ट्झवर येतात. ती काढण्यासाठी हे सारे स्वर सरसकट छाटले, तर मृदंगाच्या धुमेतील भरीवपणा जातो आणि पुरुषी आवाजाचा पायाही खचतो, कारण त्याचा मूळ स्वर याच टापूत वावरत असतो. गोंगाट कमी करणाऱ्या संगणकीय साधनाची रीत अशी की, मुद्रणातील एखादा 'रिकामा' तुकडा नमुना म्हणून घ्यावयाचा आणि त्यासारखे जे जे सर्वत्र आढळेल ते वजा करावयाचे. परंतु दशावतारात रिकामा तुकडा सापडणे दुर्मीळ. संवाद चालू नसताना पेटीवाला हलकेच सूर धरून असतो. तो अखंड सूर नमुन्यात शिरला की साधन त्यालाच गोंगाट ठरविते. आणि प्रेक्षकांचे हसणे? संकासुराच्या कोणत्या शब्दावर मंडप हसला, हे त्या शब्दाच्या अर्थाचे प्रमाण आहे. ते छाटणारा संपादक विनोद ठेवतो आणि त्याचा पुरावा फेकून देतो.

पातळीविषयी थोडक्यात. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज या समजुतीने मिश्रण आधीच दाबून, शिखरे कापून पाठविण्याची प्रथा सर्वथा त्याज्य आहे. 24 बिटांच्या मुद्रणात तत्त्वतः सुमारे 144 डेसिबलचा अवकाश मिळतो, 16 बिटांत सुमारे 96. तेव्हा शिखरे उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवली तरी काही बिघडत नाही. उलट मास्टरिंग करणाऱ्यास हालचालीस जागा उरते. शिवाय आजच्या वितरणसेवा निरनिराळ्या मुद्रणांची ऐकू येणारी पातळी स्वतःच समान करतात; स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे 14 एलयूएफएस इतकी आहे. याहून मोठे करून पाठविलेले मुद्रण तेथे लहान केले जाते, आणि कापलेली शिखरे मात्र कापलेलीच राहतात. युद्धप्रसंगीची झांज आणि त्यानंतरचा राणीचा विलाप एकाच उंचीवर आल्यावर विलापाला काय अर्थ उरतो?

यावर व्यवसायाच्या बाजूने एक आक्षेप येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. घरी बसून ऐकणारा श्रोता जनरेटरची घरघर सोसणार नाही; मंडळाला चार पैसे मिळावयाचे तर मुद्रण श्राव्य असलेच पाहिजे. हे मान्य. प्रश्न शुद्धीकरण करावे की नाही हा नसून, शुद्धीकरणानंतर मूळ उरते की नाही हा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 या काळात सिद्ध केली. संपादकांनी एक पाठ स्वीकारला. परंतु नाकारलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले, म्हणूनच त्यांच्या निर्णयाशी मतभेद व्यक्त करणे आज शक्य आहे. ध्वनीच्या बाबतीत ही तळटीप म्हणजे असंस्कारित मूळ प्रत. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या ध्वनिफितींच्या अंकीकरणासाठी किमान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट ही मर्यादा सांगते. नव्या मुद्रणाची मूळ प्रत याहून हलकी असण्यास काहीच कारण नाही. ती प्रत, तिच्या आरंभीची आणि अखेरची शांतता न कापता, वेगळी ठेवावी. मास्टरिंगसाठी द्यावयाची प्रतही मूळ नमुनादरातच द्यावी. दर बदलणे आणि 16 बिटांवर आणणे ही कामे अखेरीस, एकदाच व्हावयाची असतात.

प्रतीबरोबर लेखी टिपण जाणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट सर्वांत उपेक्षित आहे. 1902 साली कलकत्त्यास गौहर जान यांचे मुद्रण झाले तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या हॅनोव्हर येथे तयार व्हावयाच्या होत्या. तेथील कारागिरास गायिका कोण हे कळावे म्हणून ही योजना होती. आज प्रत्येक मुद्रणास आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा संकेत देता येतो, नावे फाइलमध्येच नोंदविता येतात. तरीही कित्येक दशावतारी मुद्रणांत मंडळाच्या नावापलीकडे काही आढळत नाही. येथे प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. संवाद उत्स्फूर्त असल्यामुळे नट हा बोलणारा आहे तसाच रचणाराही आहे. भारतीय कायद्याने 1994 च्या दुरुस्तीपासून कलावंताचे प्रयोगावरील हक्क सविस्तरपणे मान्य केले आहेत, आणि ज्याचे नावच नोंदले नाही त्याने ते हक्क कशाच्या आधारे मागावयाचे? मृदंगी आणि पेटीवाला यांची नावे तर अपवादानेच दिसतात.

टिपणात नावे, गाव, तिथी आणि मंडळ यांखेरीज आणखी काही असावे : पेटीचा धरलेला सूर कोठे एकटा राहतो, कोणता आवाज जनरेटरचा व कोणता समुद्राचा, कोणत्या मिनिटाला संकासुर बोलतो आणि तेथे शब्दान्त का छाटू नयेत. असे टिपण लिहिण्यास मालवणी जाणणारा माणूस लागतो. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत त्या किनाऱ्यावरून आलेले विद्यार्थी असतात. त्यांना लिप्यंतराच्या सरावाबरोबर हे कामही देता येईल, आणि त्यासाठी स्वतंत्र यंत्रसामग्री लागत नाही. चांगला कान, घड्याळ आणि वही एवढ्यावर ते भागते.