जनुकांची चाळणी : योजनेची कसोटी

जनुकसंपादनाच्या साहाय्याने हजारो जनुकांची एकाच वेळी चाळणी करण्याची पद्धती ज्या निबंधांनी रूढ केली, त्यांत ओफिर शालेम, नेविल संजाना, फेंग झांग प्रभृतींचा 'सायन्स'मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेला निबंध अग्रगण्य होय. १८,०८० मानवी जनुकांसाठी ६४,७५१ मार्गदर्शक आरएनए सिद्ध करून, कोणते जनुक निकामी झाल्यास कर्कपेशी व्हेमुराफेनिब या औषधास दाद देत नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. विद्यार्थी हा निबंध आदर्श मानतात. म्हणून त्याच्या मर्यादाही पाहणे अवश्य आहे.

निबंधाचा मोठा गुण साक्ष पारखण्याच्या विवेकात आहे. एकाच जनुकावरील भिन्न मार्गदर्शकांची साक्ष जुळते काय, हे येथे पाहिले आहे. एनएफ१ व एमईडी१२ ही पूर्वज्ञात जनुके पुन्हा हाती लागली, म्हणूनच एनएफ२ व सीयूएल३ या नव्या नावांस वजन आले.

परंतु हे यश पेशींच्या हिशेबावर उभे असते. दर पेशीमागे विषाणूंचे सरासरी प्रमाण ०.३ धरले, तर सुमारे २६ टक्के पेशींतच विषाणू शिरतो. त्यांपैकी सुमारे ८६ टक्के पेशींत तो एकच असतो. प्रत्येक मार्गदर्शकामागे ५०० पेशी हव्या असतील, तर आरंभी सुमारे साडेबारा कोटी पेशी लागतात. ज्या प्रयोगशाळेस हे झेपत नाही, तिने पेशी कमी न करता जनुकांची यादी आखूड करावी, हेच शहाणपणाचे. शिवाय येथे तगणाऱ्या पेशी मोजावयाच्या होत्या. नाहीशा होणाऱ्या पेशींची चाळणी याहून कठीण असते. तीत जनुकाच्या प्रती वाढलेल्या जागी केवळ अनेक छेदांमुळेच पेशी मरतात आणि निरपराध जनुक आवश्यक भासते, हे २०१६ साली दिसून आले.

शेंद्र्याहून जालन्याकडे जाताना लागणाऱ्या कपाशीच्या प्रदेशास या विवेकाचे मोल कळावे. भारतातील शेतांत क्राय२एबी या विषास न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीत एबीसीए२ या जनुकातील बिघाड २०१८ साली नोंदला गेला. तो केवळ सहभाव होता, कार्यकारणभाव नव्हे. २०२१ साली विषास बळी पडणाऱ्या अळीत जनुकसंपादनाने तेच जनुक बिघडविले व प्रतिकार उत्पन्न झाला, तेव्हा कारण सिद्ध झाले.

तात्पर्य, चाळणीतून संशयितांची यादी मिळते, निकाल नव्हे. प्रत्येक नावाच्या स्वतंत्र पडताळणीची तरतूद ज्या आराखड्यात आरंभीच केलेली नाही, तो अपुराच मानला पाहिजे.